विश्लेषण : फक्त १२८ बाइट मेमरीचा ‘बेबी’ संगणक ५० वर्षांनी पुन्हा का उभारला गेला?

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात लोखंडी रॅकची एक लांबलचक रांग उभी आहे. लांबी ५.२ मीटर, उंची सव्वादोन मीटर, वजन साधारण एक टन. रॅकवर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, उघड्या वायरी आणि मधोमध एक छोटा गोल पडदा. या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांच्या ३२ ओळी दिसतात. संग्रहालयाचे स्वयंसेवक बटणे दाबून त्यात प्रोग्राम भरतात, एक स्विच टाकतात आणि ठिपके थरथरू लागतात.

हे यंत्र म्हणजे १९४८ मधील ‘मँचेस्टर बेबी’ या संगणकाची हुबेहूब चालती प्रतिकृती. त्याची संपूर्ण मेमरी १२८ बाइटची आहे. आजच्या आठ जीबी रॅमच्या फोनशी तुलना केली, तर फोनची मेमरी सुमारे ६ कोटी ७१ लाख पट मोठी ठरते. तरीही तुमच्या फोनमधील प्रत्येक ॲप ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व इलेक्ट्रॉनिक यंत्रात पूर्णपणे वापरले गेले ते पहिल्यांदा ‘बेबी’मध्येच. हे तत्त्व काय होते, मूळ यंत्र कुठे गेले आणि ते पुन्हा उभारण्याचा खटाटोप कशासाठी केला गेला, याचा हा आढावा.

‘बेबी’ म्हणजे नेमके काय?

यंत्राचे अधिकृत नाव होते ‘स्मॉल स्केल एक्सपेरिमेंटल मशीन’, म्हणजे लहान प्रमाणावरील प्रायोगिक यंत्र. ‘बेबी’ हे त्याचे लाडाचे नाव. मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल या तिघांनी ते घडवले. दुसऱ्या महायुद्धात विल्यम्स आणि किलबर्न रडारवर काम करत होते. रडारच्या पडद्यांचा, म्हणजे कॅथोड रे ट्यूबचा, त्यांचा हात चांगलाच बसला होता. हाच अनुभव पुढे कामी आला.

गंमत म्हणजे ‘बेबी’ हा उपयोगाचा संगणक म्हणून बांधलाच नव्हता. पडद्याच्या नळीत माहिती साठवण्याची नवी युक्ती विल्यम्स आणि किलबर्न यांनी शोधली होती. ही मेमरी प्रत्यक्ष गणिताच्या वेगात टिकते का, हे तपासायला एक छोटे यंत्र हवे होते. ते यंत्र म्हणजे ‘बेबी’. त्यात सुमारे ५५० व्हॉल्व्ह होते आणि ते सुमारे साडेतीन किलोवॉट वीज खात असे.

२१ जून १९४८ रोजी काय घडले?

तो सोमवार होता. त्याच दिवशी दिल्लीत माउंटबॅटन यांच्या जागी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी भारताचे गव्हर्नर जनरल म्हणून सूत्रे घेतली. त्याच दिवशी मँचेस्टरमध्ये किलबर्न यांनी लिहिलेला १७ आज्ञांचा प्रोग्राम ‘बेबी’वर यशस्वीपणे चालला.

प्रश्न साधा होता : दिलेल्या संख्येला निःशेष भाग देणारी, पण त्या संख्येहून लहान असलेली सर्वात मोठी संख्या कोणती? या प्रोग्रामला २,६२,१४४ (म्हणजे २ चा १८ वा घात) ही संख्या दिली, तेव्हा १,३१,०७२ हे उत्तर यायला ५२ मिनिटे लागली.

शाळकरी मूलही सांगेल की सम संख्येचे उत्तर तिच्या निम्मे असणार. मग ५२ मिनिटे कशाला? कारण उत्तर महत्त्वाचे नव्हतेच. प्रोग्राम मुद्दाम लांबच्या वाटेने जात होता. २,६२,१४३ ने भाग जातो का? नाही. मग २,६२,१४२ ने? नाही. असे एकेक पायरी खाली उतरत त्याने १ लाख ३१ हजारांहून अधिक संख्या तपासल्या. भागाकाराची सोय नसल्याने प्रत्येक वेळी वजाबाकी करून पाहायची. या प्रवासात सुमारे २१ लाख आज्ञा पार पडल्या आणि ३५ लाखांहून अधिक वेळा मेमरी वापरली गेली. त्यात एकही ठिपका चुकला असता, तर उत्तर बिघडले असते. म्हणजे बरोबर उत्तर हे मेमरी भरवशाची असल्याचे प्रमाणपत्र होते. विल्यम्स आणि किलबर्न यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील पत्रातून हे यश जगाला कळवले.

मग हाच जगातील पहिला संगणक का?

याचे उत्तर ‘पहिला’ या शब्दाचा अर्थ काय घेता, यावर अवलंबून आहे. जर्मनीत कोनराड त्सुझे यांचे ‘झेड-३’ हे प्रोग्रामवर चालणारे यंत्र १९४१ मध्येच तयार होते, पण ते विद्युत रिलेवर चालायचे. ब्रिटनच्या ब्लेचली पार्क येथे १९४४ पासून ‘कोलोसस’ ही इलेक्ट्रॉनिक यंत्रे जर्मन सांकेतिक संदेश फोडायला मदत करत होती, पण ती एकाच प्रकारच्या कामासाठी बनवलेली होती. अमेरिकेतील ‘एनियॅक’ हे यंत्र १९४६ मध्ये जगासमोर आले. ते प्रचंड वेगवान होते, पण सुरुवातीला त्याला नवे काम द्यायचे म्हणजे वायरी उपसून पुन्हा जोडाव्या लागत आणि स्विच बदलावे लागत.

‘बेबी’चे वेगळेपण इथे आहे. त्यात आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच इलेक्ट्रॉनिक मेमरीत ठेवले जात. काम बदलायचे तर वायरी हलवायच्या नाहीत, मेमरीतील ठिपके बदलायचे. फोनमध्ये सकाळी यूपीआय ॲप, दुपारी नकाशा आणि रात्री गेम चालतो तेव्हा फोनचे हार्डवेअर बदलत नाही. मेमरीत वेगळा प्रोग्राम येतो, एवढेच. म्हणून अचूक वर्णन असे : मेमरीत साठवलेला प्रोग्राम चालवणारा, अशी बदलती इलेक्ट्रॉनिक मेमरी असलेला पहिला संगणक.

पडद्याच्या नळीत माहिती साठते कशी?

जुन्या टीव्हीच्या मागच्या बाजूला असायची तशी काचेची नळी डोळ्यासमोर आणा. इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर आदळला, की तिथे प्रकाश दिसतो. पण त्याच जागी काचेच्या आतल्या बाजूवर थोडा विद्युतभारही मागे राहतो. झोताने नुसता ठिपका काढला की भाराचा ठसा एका प्रकारचा उमटतो आणि छोटी रेघ ओढली की वेगळ्या प्रकारचा. ठिपका म्हणजे शून्य, रेघ म्हणजे एक. पडद्याच्या बाहेरून धातूची जाळी लावलेली असते. झोत पुन्हा त्या जागेवरून गेला, की जाळीत उमटणाऱ्या संकेतावरून तिथे शून्य होता की एक, हे कळते.

अडचण अशी की हा भार सेकंदाच्या काही अंशातच विरून जातो. विल्यम्स आणि किलबर्न यांचा तोडगा सोपा पण कल्पक होता : वाचायचे, लगेच तेच पुन्हा लिहायचे आणि हे सतत करत राहायचे. ओल्या वाळूवरची अक्षरे लाटेने पुसण्याआधी कोणी सारखी गिरवत राहावी, तसे.

ही युक्ती आजही जिवंत आहे. तुमच्या फोनमधील रॅममध्येही प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म विद्युतभारच असतो आणि तोही गळत असतो. त्यामुळे रॅमलाही सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत सगळी माहिती पुन्हा भरून घ्यावी लागते. नळी गेली, चिप आली; गिरवणे मात्र थांबलेले नाही.

‘बेबी’मध्ये अशा तीन नळ्या मेमरीसाठी होत्या. एकीत मुख्य साठा, ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ बिट. दुसरीत चालू गणिताचे उत्तर. तिसरीत सध्या कोणती आज्ञा चालली आहे, याची नोंद. साठ्याच्या नळ्या जाळीने झाकलेल्या असल्याने त्यातले काही दिसत नाही. म्हणून त्यांचे प्रतिबिंब दाखवणारी चौथी नळी. प्रेक्षक पाहतात, ती हीच.

१२८ बाइटमध्ये मावते तरी काय?

३२ ओळी गुणिले ३२ बिट म्हणजे १,०२४ बिट, अर्थात १२८ बाइट. फोनमध्ये मराठी मजकूर साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी धरून जेमतेम ४२ चिन्हे. ‘उद्या सकाळी लवकर ये’ एवढा निरोप मावेल. पुढे ‘आणि येताना दूध आण’ हेही बसेल, पण त्यानंतर आणखी फारसे लिहायला जागा उरणार नाही. याच जागेत प्रोग्रामही बसवायचा आणि आकडेही.

यंत्राला आज्ञा कळायच्या फक्त सात : मेमरीतील आकडा उलट चिन्हाने आण, हातातील आकडा मेमरीत ठेव, वजा कर, हातातील आकडा ऋण असेल तर पुढची आज्ञा वगळ, दोन प्रकारे दुसऱ्या ओळीवर उडी मार, आणि थांब. यात बेरीज नाही. कारण बेरजेचे वेगळे सर्किट न लावताही काम भागत होते.

समजा, ५ आणि ३ यांची बेरीज हवी आहे. ५ उलट चिन्हाने आणा : उणे ५. त्यातून ३ वजा करा : उणे ८. हे मेमरीत ठेवा. तेच पुन्हा उलट चिन्हाने आणा : ८. चार आज्ञांत बेरीज तयार. सेकंदाला साधारण ७०० आज्ञा या वेगाने ‘बेबी’ हे करत असे.

मूळ यंत्राचे काय झाले?

मूळ ‘बेबी’ कुठल्याही गोदामात पडलेला नाही. त्याला कोणी भंगारात घातले असेही नाही. तो वाढत गेला. मेमरी चालते हे सिद्ध होताच संशोधकांनी त्याच रॅकवर नवे भाग जोडायला सुरुवात केली आणि १९४९ मध्ये त्याचा ‘मँचेस्टर मार्क १’ झाला. त्याच्या रचनेवरून फेरांती कंपनीने विक्रीसाठी संगणक बनवला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये पहिले यंत्र मँचेस्टर विद्यापीठालाच दिले. प्रयोगशाळेतील ‘मार्क १’ तोवर मोडीत निघाला होता.

त्यामुळे २१ जून १९४८ च्या रूपातील ‘बेबी’ काही आठवडेच अस्तित्वात होता. प्रयोगशाळेतल्या माणसांना पुढचे काम दिसत होते. आपण इतिहास घडवतो आहोत म्हणून जुने जपून ठेवावे, असे कोणाला सुचण्याचे कारण नव्हते.

मग प्रतिकृती कशाच्या आधारे उभी राहिली?

ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये कॉम्प्युटर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ही जुने संगणक जतन करणारी संस्था स्थापन झाली. ‘बेबी’च्या सुवर्णमहोत्सवासाठी ते यंत्र पुन्हा बांधायचे, हे काम या संस्थेच्या ख्रिस बर्टन या अनुभवी संगणक अभियंत्याने अंगावर घेतले. मूळ यंत्राचे संपूर्ण, अधिकृत आराखडे हाताशी नव्हते. होते ते असे : अभियंत्यांच्या वह्या, हाताने उतरवलेली सर्किटची चित्रे, काही छायाचित्रे आणि हयात असलेल्या माणसांच्या आठवणी.

यातील प्रत्येक पुराव्यात एक खोच होती. छायाचित्रे जूननंतरची, म्हणजे यंत्र वाढू लागल्यानंतरची. त्यामुळे फोटोत दिसणारा भाग २१ जूनला होता की नंतर जोडला, हे दरवेळी ठरवावे लागे. टूटिल यांच्या वहीत प्रोग्राम सापडतो, पण तो जुलै १९४८ मधील सुधारित रूपात. पहिल्या दिवशीचा १७ आज्ञांचा प्रोग्राम त्यावरून मागे जाऊन पुन्हा जुळवावा लागला.

सुट्या भागांचा प्रश्न वेगळाच. मूळ यंत्र युद्धकाळातील व्हॉल्व्ह आणि शिल्लक लष्करी सामान वापरून बनले होते. पन्नास वर्षांनी तेच भाग, त्याच जातीचे, शोधायचे होते. आधुनिक चिप लावून पडद्यावर तसेच ठिपके नाचवणे सोपे होते, पण मग ती प्रतिकृती न राहता देखावा ठरला असता.

२१ जून 1९९८ रोजी, बरोबर ५० वर्षांनी, प्रतिकृती चालू झाली. विल्यम्स यांचे १९७७ मध्येच निधन झाले होते. पण किलबर्न आणि टूटिल हा दिवस पाहायला होते. या निमित्ताने ‘बेबी’साठी प्रोग्राम लिहिण्याची स्पर्धाही झाली आणि ती जपानमधील एका स्पर्धकाने नूडल्स शिजवण्याची वेळ मोजणाऱ्या प्रोग्रामने जिंकली. ३२ ओळींच्या मेमरीत, प्रोग्राम आणि आकडे मिळून.

प्रात्यक्षिकात काय पाहायला मिळते?

सर्वात आधी, थांबणे. व्हॉल्व्ह तापून स्थिर झाल्याशिवाय यंत्र भरवशाने चालत नाही. मग मेमरी पुसून प्रोग्राम भरला जातो. कीबोर्ड नाही, माउस नाही. ओळ निवडायची आणि बटणे दाबून एकेक बिट बसवायचा. एक बटण चुकले, तर ती आज्ञाच वेगळी होते.

स्विच टाकल्यावर ठिपके हलू लागतात. ही शोभेची रोषणाई नव्हे. प्रेक्षक संगणकाची मेमरी बदलताना प्रत्यक्ष पाहत असतात. ‘थांब’ ही आज्ञा आली, की चित्र स्थिर होते आणि उत्तर ठिपके-रेघांच्या ओळीतून वाचायचे. इथे आणखी एक गंमत : आपण एकक उजवीकडे लिहितो, ‘बेबी’त ते डावीकडे असते. १,३१,०७२ ही संख्या बायनरीत लिहिली, तर एक आणि त्यापुढे सतरा शून्ये. म्हणजे ‘बेबी’च्या ओळीत आधी सतरा ठिपके आणि मग एक रेघ. ५२ मिनिटांच्या मेहनतीचे फळ म्हणजे ही एक रेघ.

आजच्या फोनमध्ये हे पाहण्याची सोय नाही. बोटाच्या नखाएवढ्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. कव्हर उघडले तरी काळा चौकोनच दिसतो. ‘बेबी’त मात्र आकडा कुठून निघाला, कुठे वजा झाला आणि कुठे जाऊन बसला, हे बोट दाखवून सांगता येते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी फळ्यावर ज्या चौकटी काढून दाखवतात, त्या चौकटी इथे रॅकच्या रूपात उभ्या असतात.

सिम्युलेटर फुकट मिळत असताना यंत्र कशाला?

‘बेबी’चे सिम्युलेटर साध्या फोनवरही सहज चालू शकते. प्रोग्राम कसा चालतो, हे शिकायला ते पुरेसे आहे. पण सिम्युलेटरमध्ये ठिपका कधी विरत नाही, व्हॉल्व्ह तापत नाही आणि शेजारच्या विजेच्या खटक्याने मेमरी बिघडत नाही. १९४८ मधील खरी लढाई नेमकी याच गोष्टींशी होती. आज्ञांची यादी कागदावर जपता येते. कोणता व्हॉल्व्ह कमजोर झाला की पडद्यावर कसा दोष दिसतो, हे यंत्रासमोर बसूनच कळते.

म्हणूनच अशी पुनर्बांधणी इतरत्रही झाली. बॉम्बहल्ल्यात नष्ट झालेल्या ‘झेड-३’ची प्रतिकृती म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. ‘कोलोसस’ची कागदपत्रे गुप्ततेपोटी जाळण्यात आली होती; तरी टोनी सेल यांनी १९९३ मध्ये काम हाती घेऊन मोजकी छायाचित्रे आणि अभियंत्यांकडे उरलेले सर्किटचे तुकडे यांच्या आधारे ते यंत्र ब्लेचली पार्कमध्ये पुन्हा चालते केले.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. मूळ काम करणारी किंवा त्यांना ओळखणारी माणसे हयात असतानाच हे शक्य झाले. किलबर्न यांचे २००१ मध्ये आणि टूटिल यांचे २०१७ मध्ये निधन झाले. आज कोणी शून्यापासून ‘बेबी’ बांधायला घेतला, तर ‘हा फोटोतला भाग तेव्हा होता का हो?’ असे विचारायला ते नाहीत.

प्रतिकृतीलाही हाच धोका आहे. पडद्याच्या नळ्या आणि जुने व्हॉल्व्ह आता सहज मिळत नाहीत. त्याहून दुर्मीळ आहे ते व्हॉल्व्हच्या सर्किटमधील दोष शोधता येणारी माणसे. यंत्र काचेआड ठेवले तर सुरक्षित राहील, पण ते चालवणारा हात तयार होणार नाही. चालवले तर झिजेल, पण पुढचा स्वयंसेवक त्यातूनच शिकेल. मँचेस्टरने दुसरा मार्ग निवडला आहे.

भारतासाठी यात काय?

भारतात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालवून दाखवले आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक कार्यान्वित केला. त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव जवाहरलाल नेहरू यांनी दिले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. मेमरीसाठी पडद्याची नळी मागे सोडून फेराइट कोअर, म्हणजे चुंबकीय कड्यांची नवी पद्धत वापरली होती. ४० बिटचे २,०४८ शब्द, म्हणजे दहा किलोबाइट. ‘बेबी’च्या ८० पट. साठच्या दशकाच्या मध्यात हे यंत्र निवृत्त झाले.

‘टिफ्रॅक’वर उमेदीत काम केलेली पिढी आज नव्वदीच्या आसपास आहे. ‘बेबी’ची प्रतिकृती उभी राहिली, तेव्हा मूळ यंत्राला ५० वर्षे झाली होती, ‘टिफ्रॅक’ने साठी कधीच ओलांडली आहे. यंत्र पुन्हा बांधायचे की नाही, हा पैशांचा आणि इच्छेचा प्रश्न आहे आणि तो पुढेही सोडवता येईल. पण वहीतील एखाद्या सर्किटशेजारी पेन्सिलने केलेली खूण कशासाठी होती, हे सांगणारा माणूस पुढे मिळेलच असे नाही. ‘बेबी’च्या पुनर्बांधणीत व्हॉल्व्ह कुठून तरी शोधून आणता आले. ती खूण वाचायला मात्र ती करणारेच लागले.